तीन विती चार बोटे

तलावाकाठच्या त्या हॉटेलाविषयी कागदावर जे उरले आहे, ते एका टेबलावर मावते. सगळी पाण्याच्या बाजूने, जवळजवळ एकाच कोनातून काढलेली अकरा पोस्टकार्डे. हवापालटाला येणाऱ्यांसाठी छापलेले चार पानी माहितीपत्रक, ज्यात जेवणाच्या वेळा आहेत पण इमारतीविषयी ‘प्रशस्त’ या शब्दापलीकडे काही नाही. आणि आगीनंतरच्या चौकशीचा दीड पानी अहवाल. नकाशे हॉटेलच्या कचेरीत होते, ते कचेरीबरोबर गेले. त्या भागातले पहिले विश्रांतीस्थान, संपूर्ण लाकडी, तीन मजली, अठ्ठेचाळीस खोल्यांचे. पण ते एकाच वेळी बांधले गेले की टप्प्याटप्प्याने, हे सांगणारे एकही साधन हाती लागत नव्हते. दोन वर्षे मी ते दूरदूरच्या दप्तरखान्यांत शोधत होतो. ज्या व्यक्तीपाशी ही इमारत जवळजवळ जशीच्या तशी शिल्लक होती, ती माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर राहत होती आणि उशांचे अभ्रे शिवून देत होती.

हॉटेलात त्यांना सगळे वीतबाई म्हणत. पडदे, गाद्यांच्या खोळी आणि खुर्च्यांची आच्छादने शिवण्याचे काम त्यांनी तिथे तेवीस वर्षे केले. नाव पडले ते पहिल्याच महिन्यात. कामावर देखरेख करणाऱ्या बाईंनी त्यांना एक कापडी टेप दिली होती. ती कित्येकदा धुण्यात जाऊन चांगली लांबली होती, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. खिडक्या त्या टेपने मोजल्या गेल्या आणि कापड दुकानदाराच्या लाकडी गजाने कापले गेले. अठरा पडदे गुडघ्यापर्यंत आलेल्या परकरासारखे लोंबू लागले. बोलणी नव्या शिवणारीने खाल्ली. त्यानंतर त्यांनी टेपला हात लावला नाही. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर आणि त्यापुढे बोटांची रुंदी, एवढ्यावर सगळे हॉटेल मोजले आणि प्रत्येक माप एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत उतरवले.

“टेप धुतली की सैल पडते,” पहिल्या भेटीत त्यांनी मला सांगितले. “हात तर मी रोज धुते. तो कधी सैल पडला नाही.”

हे सांगताना त्यांनी उजवा हात पुढे केला आणि लगेच पदराखाली घेतला. संधिवाताने बोटे आत वळली होती. ज्या हाताने अठ्ठेचाळीस खोल्या मोजल्या, त्याची वीत आता चहाच्या बशीएवढीही उघडत नव्हती.

घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, अभ्र्यांचे गठ्ठे, आणि खिडकीखालच्या बाकावर एका जाड जुन्या गादीवर मांडी घालून बसलेल्या त्यांच्या नणंदबाई. दोघी सत्तरीच्या पुढच्या. वीतबाईंचे यजमान हॉटेलचे माळी होते, ते जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांची ही अविवाहित बहीण हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होती. म्हणजे एकीने शिवायचे आणि दुसरीने धुवायचे, असा त्या घराचा आणि हॉटेलचा संबंध. बाकामागच्या खिडकीला पडदा नव्हता. दुपारचे ऊन थेट नणंदबाईंच्या पाठीवर येत होते आणि त्या हातातल्या वर्तमानपत्राने मान झाकून बसल्या होत्या.

“पडदे शिवणारीच्या घरात पडदा नाही, हे बघून घ्या,” त्या मला म्हणाल्या. “तुमच्या पुस्तकात लिहा.”

“वन्सं, ते हॉटेलचं विचारायला आलेत. तुमच्या मानेचं नाही.”

“हॉटेलचंच सांगतेय. एकदा पडदे लावले तर अख्खं हॉटेल गेलं. म्हणून वहिनी आता घराला लावत नाही.”

नणंदबाईंनी हे हवामान सांगावे तितक्या सहजपणे सांगितले. वीतबाईंनी यंत्राच्या खणातून वही काढली आणि ती देण्यापूर्वी तिच्यावर तळहात ठेवला.

अहवालातले एक वाक्य त्यांना तोंडपाठ होते. आगीचा उगम स्वयंपाकघराच्या धुराड्यापाशी झाला, आणि ‘ती भोजनगृहाच्या दर्शनी बाजूस जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या पडद्यांवाटे वरच्या मजल्यांवर पसरली’. त्या हंगामात व्यवस्थापकांना भोजनगृहाला भारदस्तपणा आणायचा होता. पडदे जमिनीला टेकले पाहिजेत, असा हुकूम निघाला. वीतबाईंनी प्रत्येक पडदा नेहमीपेक्षा वीतभर लांब शिवला. ते लावून तीन आठवडे होतात न होतात तोच एका दुपारी हॉटेल जळाले. पाहुणे फिरायला गेले होते, माणूस एकही दगावला नाही. पण साठ जणांची रोजची कामे गेली आणि त्यात त्यांच्या अर्ध्या घराचा रोजगारही बुडाला. वीतबाईंनी त्यानंतर अडतीस वर्षांत अभ्रे शिवले, पिशव्या शिवल्या, दुलया शिवल्या. पडदा एकही शिवला नाही.

“वही न्या,” त्या म्हणाल्या. “खिडक्या, दारं, काय काढायचं ते काढा. मला फक्त एवढं सांगा. ती जास्तीची वीत मी ठेवली नसती, तर हॉटेल राहिलं असतं का?”

मी तपासून सांगतो म्हणालो. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने असे आश्वासन सहसा देऊ नये.

वही म्हणजे आश्चर्य होते. खोलीवार नोंदी, सुवाच्य अक्षर, आणि कुठेही खाडाखोड नाही. ‘खोली नऊ. खिडकी दोन. पडदा बारा विती, लांबी नऊ विती तीन बोटे. गादी लांबी पाच विती.’ मी आनंदाने कामाला लागलो. वितीचे सरासरी मूल्य धरले, पोस्टकार्डांवरून मजल्यांची उंची ताडली आणि तीन आठवड्यांत दर्शनी बाजूचे एक मोठे रेखाचित्र तयार केले. काही तरी चुकते आहे असे मला मधूनमधून वाटत होते; पण साधन इतके प्रत्यक्षदर्शी होते की मी शंका पोस्टकार्डांवर घेतली, वहीवर नाही. छायाचित्रात खिडक्या अरुंद दिसतात त्या कोनामुळे, असे स्पष्टीकरणही तळटीपेत लिहून ठेवले.

चित्र घेऊन मी दुसऱ्यांदा गेलो. वीतबाईंनी ते यंत्रावर पसरले, चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि त्यांचे खांदे हलू लागले. हसू आवरेना तेव्हा त्यांनी नणंदेला बोलावले. नणंदबाई गादीवरून न उठताच वाकल्या.

“हे आपलं हॉटेल?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं पक्ष्यांचा पिंजरा आहे.”

“मास्तर,” वीतबाई म्हणाल्या, “खिडकीला खिडकी चिकटवलीत तुम्ही. एवढ्या रुंद खिडक्या असत्या तर वरचे दोन मजले कशावर उभे राहिले असते? माझ्या पडद्यांवर?”

“वहीत बारा विती आहे.”

“पडदा बारा विती. खिडकी कुठं म्हटलंय मी?”

मग त्यांनी एक अभ्रा उचलला आणि त्याच्या कडेला वळलेल्या बोटांनी सावकाश चुण्या घालून दाखवल्या. पडद्याचे कापड खिडकीच्या दुप्पट घ्यावे लागते. तेव्हाच चुण्या पडतात आणि पडदा ओढून घेतल्यावरही भरलेला दिसतो. सपाट पडदा म्हणजे वाळत टाकलेली चादर. वहीत त्यांनी शिवायचे कापड लिहिले होते, खिडकी नव्हे, कारण खिडकी काही त्यांना शिवायची नव्हती. दोन वर्षे साधनांच्या विश्वसनीयतेवर व्याख्याने देणाऱ्या माणसाने हॉटेलच्या खिडक्यांऐवजी खिडक्यांचे पडदे बांधून ठेवले होते.

“पडदा खरं माप कधी सांगत नाही,” वीतबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “तुम्हाला खरं माप हवं तर गाद्यांचं बघा. गादीला चुण्या नसतात.”

चित्रातली आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता दुरुस्त केली. पोस्टकार्डांत मधल्या भागाला एका मजल्यावर नऊ खिडक्या दिसतात. वहीत सातच आहेत. उरलेल्या दोन खिडक्यांची नोंद हरवली असावी, असे मी धरले होते.

“हरवली नाही. त्या आंधळ्या होत्या.”

“म्हणजे?”

“बाहेरून खिडकी, आतून भिंत. चौकट होती, रंगवलेली काच होती. नव्या पाहुण्याला हमखास सांगावं लागायचं, बाहेरून मोजलेली खोली आत सापडायची नाही म्हणून.”

‘आंधळी खिडकी’ हा शब्द माझ्याकडच्या कोणत्याही ग्रंथात नाही. पण त्या शब्दाने जे काम केले ते अकरा पोस्टकार्डांना जमले नव्हते. बाहेरच्या आणि आतल्या खिडक्यांचा मेळ बसत नसेल, तर बाहेरची भिंत आणि आतली भिंत एकाच वेळी, एकाच आराखड्याने उभी राहिलेली नाही. मी घरी जाऊन सगळे पडदे निम्मे केले आणि गाद्यांच्या नोंदी वेगळ्या काढल्या.

हॉटेलात प्रत्येक खिडकीखाली फळीची एक बैठक होती आणि तिच्यावर मापाची गादी असे. दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या बाजूला या गाद्यांची रुंदी सरसकट ‘दोन विती’ होती. मधल्या भागात मात्र प्रत्येक मजल्यावर, तलावाकडच्या प्रत्येक खिडकीला, ‘तीन विती चार बोटे’. बैठकीची रुंदी आतल्या कडेपासून थेट बाहेरच्या काचेपर्यंत असते. म्हणजे मधल्या भागाची दर्शनी भिंत दोन्ही बाजूंच्या भिंतींपेक्षा एक वीत चार बोटे अधिक जाड. लाकडी इमारतीत इतकी जाड भिंत कोणी बांधत नाही. तिथे एक नव्हे, दोन भिंती असल्या पाहिजेत.

आता इमारतीचा इतिहास उलगडू लागला. आधी मधला भाग, साधा, सोळा-सतरा खोल्यांचा. पुढे दोन्ही बाजूंना नवे भाग जोडले गेले, तेव्हा जुना चेहरा त्यांच्या पुढे ओशाळवाणा दिसू लागला असणार. हंगामात हॉटेल बंद ठेवणे मालकाला परवडले नसेल. म्हणून जुनी भिंत न पाडता तिच्या बाहेर दुसरी उभी केली, समान अंतरावर खिडक्या काढल्या आणि जिथे आतली खिडकी जुळेना तिथे आंधळी बसवली. हे सगळे अनुमान एका मापावर उभे होते, आणि ते माप एका हातावर, जो आता उघडत नव्हता. वीत नेमकी किती सेंटिमीटरची, हे कळल्याशिवाय दोन भिंतींमध्ये पोकळी होती की त्या एकमेकींना चिकटून होत्या, हे ठरणार नव्हते.

तिसऱ्या भेटीत मी हा पेच दोघींपुढे मांडला. तुमच्या हातची, वहीत नोंद असलेली एखादी वस्तू उरली आहे का? पडदा नको, मी घाईने म्हणालो.

“सगळं तिथंच गेलं,” वीतबाई म्हणाल्या. “त्या दिवशी मी एक खोळ बदलायला घरी आणली होती, तेवढी. खोळ फाटली म्हणून गादीसकट—”

त्या थांबल्या. आम्ही दोघांनी एकाच वेळी बाकाकडे पाहिले.

“काय?” नणंदबाई म्हणाल्या.

“वन्सं, उठा.”

“का म्हणून? माझी कंबर—”

“अडतीस वर्षं बसलात. पाच मिनिटं उठा.”

नणंदबाई कुरकुरत उठल्या. गादीची खोळ विटली होती, कापूस मध्यभागी पार दबला होता. पण खोळीच्या शिवणी जिथल्या तिथे होत्या, आणि वीतबाईंनी लगेच बजावले की माप कापसाचे नसते, शिवणीचे असते. वहीत ती सापडली: ‘खोली नऊ. गादी लांबी पाच विती, रुंदी तीन विती चार बोटे. खोळ बदलणे.’ मी लांबी मोजली. साडेसत्त्याण्णव सेंटिमीटर. म्हणजे वीत साडेएकोणीस. मग रुंदी मोजली: साडेपासष्ट. तीन विती आणि वर चार बोटांचे सात सेंटिमीटर. हात मिलिमीटरलाही सैल पडला नव्हता.

“तरीच हिच्यावर नीट मांडी घालता येते,” नणंदबाई म्हणाल्या. “त्या कडेच्या खोल्यांतल्या गाद्यांवर एक पाय खालीच राहायचा.”

नव्या भिंतीच्या फळ्या आणि चौकट यांची जाडी वजा केली, तरी दोन भिंतींमध्ये हात सहज आत जाईल एवढी पोकळी उरत होती. तळापासून छपरापर्यंत सलग, कोरड्या लाकडाची, कोणाला न दिसणारी. स्वयंपाकघराचे धुराडे याच पोकळीच्या टोकाशी होते. मी हे सांगत असताना वीतबाई गादीकडे पाहत होत्या.

“म्हणजे आग आतून गेली असेल?”

“गेली असण्याची शक्यता आहे. पण आधी वर पोचली की आधी भोजनगृहात, हे कोणी पाहिलं असेल तरच—”

“वर,” नणंदबाई म्हणाल्या. त्या यंत्रापाशी उभ्या राहून आपली कंबर चोळत होत्या. “धूर आधी छपरातून आला. हे मी कितीदा सांगितलंय.”

“मला सांगा. अगदी पहिल्यापासून.”

“पहिल्यापासून काय? धुतलेले रुमाल घेऊन मी तलावाच्या बाजूनं येत होते. वर बघते तर वळचणीखालून धूर, इकडून तिकडून, सगळीकडून. भोजनगृहात गेले. वाढपी चहाची टेबलं मांडत होता. म्हटलं, वर धूर दिसतोय. तर म्हणतो, धुराड्याचा असेल, रुमाल तिथं ठेवा. मग वरचे लोक ओरडायला लागले तेव्हा त्याला पटलं. चांदीची भांडी बाहेर काढली आम्ही. चार खेपा केल्या. टेबलक्लॉथसकट.”

“आणि पडदे?” मी विचारले.

“पडदे कशाला काढतोय? भांडी काढत होतो.”

“तसं नाही. त्या चार खेपांत पडदे पेटलेले होते का?”

नणंदबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू माझ्या शिक्षणावर झालेला खर्च वाया गेला होता.

“पेटलेले असते तर आत कोण गेलं असतं? जागच्या जागी होते. चौथ्या खेपेला माझा पाय अडकला एकात. जमिनीवर लोळत होते ना.”



“वन्सं,” वीतबाई हळूच म्हणाल्या, “हे तुम्ही चौकशीत सांगितलं होतं?”

“धुलाईखान्यातल्या बाईला चौकशीत कोण बोलावतं? व्यवस्थापकाला बोलावलं. तो तर त्या दिवशी गावातच नव्हता.”

“मग मला अडतीस वर्षं काय ऐकवत होतात? पडदे, पडदे.”

“ते अहवालात होतं. छापलेलं होतं.” नणंदबाईंचा आवाज पहिल्यांदाच थोडा खाली आला. “मला वाटलं, मी गेल्यावर मागाहून पेटले असतील आणि त्यांना जास्त माहीत असेल. आणि तुला काही बोलायचं म्हटलं की दुसरं काही सुचायचं नाही गं. तुझ्यात नाव ठेवण्यासारखं एवढंच होतं.”

मी सावधपणे बोलायला सुरुवात केली. उपलब्ध साधनांवरून असे दिसते, की आगीचा प्रसार प्रामुख्याने दोन भिंतींमधल्या पोकळीतून झाला असावा. भोजनगृहाचे पडदे हे प्रसाराचे कारण नसून—

“मास्तर,” वीतबाई म्हणाल्या, “हे तुमच्या मासिकासाठी ठेवा. मला माझ्या भाषेत सांगा. ती वीत ठेवली नसती तर हॉटेल राहिलं असतं?”

“नाही.”

“पडदे नंतर जळले?”

“नंतर. सगळ्याबरोबर.”

“जळणारच,” त्या म्हणाल्या. “कापड आहे.” आणि चष्मा काढून बराच वेळ पदराने पुसत राहिल्या.

हॉटेलच्या तीन टप्प्यांचा आराखडा, आंधळ्या खिडक्यांची जागा आणि दुहेरी भिंतीचा छेद मी यथावकाश सादर करीनच. त्या दिवसाविषयी एवढेच नोंदवायचे आहे, की नणंदबाई परत गादीवर बसायला निघाल्या तेव्हा वीतबाईंनी त्यांना अडवले.

“आता काय, गादी परत हवी?”

“गादी ठेवा. हात हवा. उजवा.”

त्यांनी नणंदेला बाकावर चढायला लावले नाही; कंबरेचा विचार करून खुर्ची सरकवून दिली आणि खिडकीच्या चौकटीवर तो हात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पसरून ठेवला. मग उचलून पुढे, मग आणखी पुढे. धुण्यापिळण्याने रुंद झालेला आपला हात नणंदबाई निमूटपणे वापरू देत होत्या.

“खिडकी बघून कापड घे हो,” त्या म्हणाल्या. “मास्तरांसारखं करू नकोस.”

“दुप्पट घेते.”

“आणि लांबी? खिडकीपुरती?”

वीतबाईंनी खाली पाहिले. बाकाच्या मागून फरशीपर्यंत नजर नेली.

“जमिनीला टेकेल इतकी,” त्या म्हणाल्या.

वही आता माझ्याकडे अभ्यासासाठी आहे. तिच्यातली अखेरची नोंद आगीनंतर अडतीस वर्षांनी केलेली असून अक्षर वाकडे आहे: ‘घर. खिडकी एक. पडदा आठ विती, लांबी अकरा विती.’ पुढे या साधनाचा उपयोग करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की या एका नोंदीसाठी साडेएकोणीस सेंटिमीटरचे मान लागू होत नाही. नोंदीखाली वीतबाईंनी स्वतःच तसे लिहून ठेवले आहे: ‘वीत वन्संची. जरा मोठी आहे.’